गणिताच्या तासाला ग्राफिक ऑर्गनायझर : कोल्हापूरच्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते दहावीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि त्या मुलांच्या पालकांसाठी हे पान आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शाळेतल्या विषय-बैठकीत आणि पालकसभेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथं घेतलेत. उदाहरणं मुद्दाम आपल्या भागातली आहेत.

ग्राफिक ऑर्गनायझर म्हणजे नेमकं काय? गणितात आकृत्या असतातच की.

असतात, पण त्या बहुधा वस्तूच्या असतात: त्रिकोण, वर्तुळ, शंकू. ग्राफिक ऑर्गनायझर संबंध दाखवतो. कोणती कल्पना कुणाच्या पोटात बसते, कोणती पायरी कशानंतर येते, उदाहरणात दिलेलं आणि विचारलेलं एकमेकांना कुठं जोडलेलं आहे, हे त्यात दिसतं. वेन आकृती, चार चौकटींचा कागद, पट्टीची आकृती, ओघतक्ता, वर्गीकरणाचं झाड, संख्यारेषा, अगदी दोन रकान्यांचा साधा तक्तासुद्धा यात येतो. पुढं सोयीसाठी मी 'मांडणीचित्र' म्हणते.

ओळखायची खूण सोपी आहे. त्यातली रेघ, बाण किंवा सीमा पुसली की अर्थ बदलला पाहिजे. रेघ पुसूनही काही बिघडत नसेल, तर ती सजावट आहे.

हे बाहेरून आलेलं नवं काही आहे का? आमच्या वेळी असलं नव्हतं.

होतं. त्रैराशिक आठवा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन जागा ठरवून दिल्या होत्या. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या राशी, म्हणून त्या दोन टोकांना. फल वेगळ्या जातीचं, म्हणून मधे. ५ किलो गूळ ३०० रुपयांना, तर ८ किलो केवढ्याला? ५, ३००, ८ असं लिहायचं, मधल्याला शेवटच्यानं गुणायचं, पहिल्यानं भागायचं, ४८० रुपये. इथं राशीची जागाच तिचं नातं सांगते. मांडणीचित्राचं काम याहून वेगळं नसतं.

त्रैराशिक चुकतं कुठं, तेही मांडणीतच दिसतं. १२ मजूर एका फडातला ऊस ६ दिवसांत तोडतात, तर ९ मजुरांना किती दिवस? डोळे मिटून तीच रीत लावली की साडेचार येतात. माणसं कमी झाली आणि काम लवकर उरकलं, असं कोणत्या फडात होतं? म्हणून जुने मास्तर दोन रकान्यांशेजारी बाण काढायला लावत. मजुरांचा बाण खाली, दिवसांचा वर. बाण उलट दिशेला, म्हणजे व्यस्त प्रमाण: १२ गुणिले ६ भागिले ९, आठ दिवस. तुमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना हे नक्की विचारा. अशा मांडण्यांचा मोठा साठा त्यांच्याकडं असतो आणि तो कुणी मागत नाही.

सुरुवात कुठून करू?

एका घटकापासून आणि एकाच चित्रापासून. चार चौकटींचा कागद सगळ्यांत सोपा पडतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तो मांडला. मधे संकल्पनेचं नाव, भोवती चार चौकटी: व्याख्या, गुणधर्म, उदाहरणं आणि 'उदाहरण नसलेलं'. पाठकोरा कागद दोनदा दुमडला की चौकटी तयार, खर्च काही नाही.

खरी कमाई चौथ्या चौकटीत आहे. मधे 'मूळ संख्या' लिहा. तिसऱ्या चौकटीत २, ३, ५, ७, ११ पटापट येतात. चौथीत मुलं ४, ६, ८ लिहितात आणि थांबतात. तिथं शिक्षकानं विचारायचं: ९ कुठं जाईल? ५१? ९१? आणि १? विषम दिसली की मूळ, हा समज ९ पाशीच मोडतो. ५१ म्हणजे ३ गुणिले १७, ९१ म्हणजे ७ गुणिले १३, हे शोधताना विभाज्यतेच्या कसोट्या आपोआप वापरात येतात. १ वर तर वर्गात वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. १ ला एकच विभाजक, मूळ संख्येला बरोबर दोन, असं कुणीतरी म्हणतंच. मग पहिल्या चौकटीतली पाठ केलेली व्याख्या मुलं स्वतः दुरुस्त करतात. ही दुरुस्ती झाली नाही तर कागद भरला तरी तास वाया गेला, असं माझं मत आहे.

चौकोनांचे प्रकार शिकवताना झाड काढावं की वेन आकृती?

आधी झाड, मग वेन, आणि दोन्हींतला फरक मुलांना पाहू द्यावा.

झाडात 'चौकोन' या खोडाला समांतरभुज, आयत, समभुज, चौरस अशा फांद्या फुटतात. पाहायला छान, पण प्रत्येक नाव वेगळ्या फांदीवर असल्यानं चौरस म्हणजे आयत नव्हेच, असं मुलांच्या मनात बसतं. आठवीत कितीतरी मुलं 'चौरस आयत असतो का' याला ठामपणे 'नाही' म्हणतात.

वेन आकृतीत हे टिकत नाही. मोठं वर्तुळ समांतरभुज चौकोनांचं. त्यात एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं, आयतांचं आणि समभुज चौकोनांचं. दोन्हींत सामाईक जो भाग, तिथं चौरस. चारही कोन काटकोन, म्हणून तो आयताच्या वर्तुळात. चारही बाजू समान, म्हणून समभुजच्याही वर्तुळात. मग आयताच्या कर्णांचे गुणधर्म चौरसाला वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कर्ण एकरूप असतात हे आयताकडून मिळालं, एकमेकांना लंब असतात हे समभुजकडून.

समलंब कुठं ठेवायचा, हा प्रश्न दरवेळी येतो. आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणं समलंब चौकोनात समांतर बाजूंची एकच जोडी असते, म्हणून त्याचं वर्तुळ समांतरभुजच्या बाहेर, वेगळं. काही ठिकाणी 'किमान एक जोडी' अशी व्याख्या घेतात. ती घेतली तर सगळे समांतरभुज चौकोन समलंबच्या पोटात जातात. नववी-दहावीच्या मुलांना हे जरूर दाखवा. व्याख्येतला एक शब्द बदलला की वर्तुळाची जागा बदलते, हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल व्याख्या काळजीपूर्वक वाचतं.

वेन आकृती आणखी कुठं उपयोगी पडते? ती तर नववीच्या 'संच' प्रकरणातली.

जॉन वेन यांनी १८८० मध्ये ती तर्कशास्त्रासाठी वापरली, म्हणजे संचापुरती ती कधीच नव्हती. मसावि-लसावि शिकवताना वापरून पाहा. २४ चे मूळ अवयव २, २, २, ३. ३६ चे २, २, ३, ३. सामाईक भागात २, २, ३. डावीकडं उरला एक २, उजवीकडं एक ३. सामाईक भागाचा गुणाकार १२, तो मसावि. आकृतीतल्या सगळ्यांचा गुणाकार ७२, तो लसावि. लसावि मोठा का आणि मसावि लहान का, हे पाठ करावं लागत नाही.

शाब्दिक उदाहरण आलं की मुलं 'सर, बेरीज करू की वजाबाकी?' विचारतात. त्यावर काय?

हा प्रश्न विचारणारं मूल उदाहरण वाचत नाही, त्यातले आकडे गोळा करतं. त्याला क्रिया सांगून टाकली की त्याची सवय पक्की होते. क्रियेआधी पट्टी काढायला लावा. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून ही रीत पद्धतशीर वापरात आहे आणि आपल्या मुलांना ती चटकन जमते.

एक उदाहरण सावकाश पाहू.

*एका शेतकऱ्यानं गुऱ्हाळावरून आणलेल्या गुळाच्या रव्यांपैकी २/५ रवे पहिल्या दिवशी सौद्यात विकले. उरलेल्यांपैकी १/३ दुसऱ्या दिवशी विकले. ४८ रवे शिल्लक राहिले. एकूण रवे किती?*

वर्गात हमखास होणारी चूक अशी: २/५ आणि १/३ यांची बेरीज ११/१५, उरले ४/१५, म्हणजे ४८, एकूण १८०. उत्तर पूर्णांकात येतं, म्हणून मुलाला संशयही येत नाही. 'उरलेल्यांपैकी' हा शब्द मात्र वाऱ्यावर गेला.

आता पट्टी. लांब आयत, पाच समान भाग. दोन भाग रेघाटले, पहिला दिवस संपला. उरले तीन. त्या तिनांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक भाग, तोही रेघाटला. दोन भाग पांढरे राहिले, त्यांच्यावर ४८ लिहा. एक भाग २४, पाच भाग १२०. 'कशाचा तिसरा हिस्सा?' हा प्रश्न मुलाला स्वतःच्याच चित्रानं विचारला, शिक्षकानं नाही. पडताळाही लगेच होतो: १२० मधून ४८ गेले, ७२ उरले; ७२ मधून २४ गेले, ४८ उरले.

पुढच्या वर्गात याच पट्टीखाली समीकरण लिहून घ्या. पूर्ण पट्टी म्हणजे क्ष, पहिला तुकडा क्षच्या दोन पंचमांश, दुसरा क्षच्या एक पंचमांश, उरलेला ४८. क्ष कुठून आला हे ज्याला पट्टीत दिसलं, ते मूल बीजगणिताला बिचकत नाही. पाचवी-सहावीत पट्टी नीट झालेली असेल तर सातवी-आठवीत एकचल समीकरणांना लागणारा वेळ वाचतो.

शेकडेवारीत उलट उदाहरणं नेहमी चुकतात.

तिथंही पट्टीच. महाद्वार रोडवर एक चप्पलजोड २० टक्के सूट देऊन ९६० रुपयांना मिळाला. छापील किंमत किती? मुलं ९६० चे २० टक्के, म्हणजे १९२, काढून मिळवतात आणि ११५२ लिहितात. २० टक्के म्हणजे पाचातला एक भाग. पाच भागांची पट्टी काढा, एक भाग कापला गेला, उरलेले चार भाग ९६०. एक भाग २४०, छापील किंमत १२००. सूट छापील किमतीवर असते, विक्रीच्या किमतीवर नाही, हे वाक्य कितीदा सांगूनही न समजलेल्या मुलाला पाच घरांची ही पट्टी समजावते.

आमच्या मुलांच्या आयुष्यातली एखादी आकृती सांगा.

पंचगंगेची पातळी. जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावरची पातळी घरोघर बोलली जाते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे पाचवीच्या मुलालाही ठाऊक असतात.

उभी संख्यारेषा काढा, ३९ आणि ४३ वर आडव्या रेघा मारा. तीन पट्टे झाले: ३९ च्या खाली, ३९ ते ४३ च्या मधे, ४३ आणि वर. असमानता शिकवायला याहून चांगली जागा नाही. ३९ हा आकडा स्वतः कोणत्या पट्ट्यात? पातळी ३९ ला टेकली की इशारा लागू होतो, म्हणून तो मधल्या पट्ट्यात. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा लहान किंवा समान' यांतला फरक इथं खरा वाटतो.

एक खोच लक्षात ठेवा. ३८ फूट ६ इंच ही पातळी मुलं ३८.६ अशी लिहितात. फुटात १२ इंच, म्हणून ती ३८.५. संख्यारेषेवर प्रत्येक फुटाचे बारा भाग पाडून घेतले की हा घोळ संपतो. मग पुढचा प्रश्न: पाणी तासाला २ इंच चढतंय, तर ३८ फूट ६ इंचांवरून धोका पातळीला किती तास? अंतर ५४ इंच, २७ तास. त्याच आकड्यांचा रेषालेख काढून 'पाणी खरंच असं सरळ रेषेत चढतं का?' हे विचारा. राधानगरीचे दरवाजे, पावसाची उघडीप, पात्राबाहेर पसरलेलं पाणी, सगळं मुलंच सांगतात.

चिखली-आंबेवाडीकडची किंवा शिरोळ तालुक्यातली मुलं वर्गात असतील तर हे उदाहरण जपून घ्या. २०१९ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती. ज्याच्या घरात पाणी शिरलं, त्याच्यासाठी ही नुसती संख्यारेषा नसते.

भूमितीच्या सिद्धतेत याचा काय उपयोग? तिथं विधान आणि कारण असतंच.

विधान-कारण हे स्वतःच उत्तम मांडणीचित्र आहे. अडचण अशी की ते वरून खाली वाचायचं असतं आणि सुचतं मात्र खालून वर. म्हणून सिद्धता लिहिण्याआधी कच्च्या पानावर उलटा ओघतक्ता काढायला लावा. तळाशी साध्य: समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन एकरूप. हे मिळायला काय हवं? दोन त्रिकोण एकरूप. ते कुठून आणायचे? शिरोकोनाचा दुभाजक काढून. कोणती कसोटी? समान बाजू पक्षात आहेत, दुभाजकामुळं कोन समान, तिसरी बाजू सामाईक, म्हणजे बाकोबा (बाजू-कोन-बाजू). बाण पक्षापर्यंत पोचला की कागद उलटा वाचायचा आणि विधान-कारण लिहायचं. 'दुभाजक काढायचं सुचणार कसं?' या मुलांच्या जुन्या तक्रारीला हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

दहावीला अभ्यासक्रम पुरा करताना नाकी नऊ येतात. यासाठी वेळ कुठून आणू?

दहावीत नवं चित्र शिकवू नका, आठवी-नववीत शिकलेलं वापरा. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत रिकाम्या चौकटी भरून 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न येतातच. ओघतक्ता हाताखालून गेलेल्या मुलाला ते सोपे जातात. उजळणीच्या वेळी रीत निवडण्याचा तक्ता करून घ्या. वर्गसमीकरण समोर आलं, अवयव लगेच दिसतात का? दिसले तर अवयव, नाहीतर सूत्र. विवेचक शून्यापेक्षा मोठा, शून्य की लहान, यावर मुळांचे तीन फाटे. अर्ध्या पानात प्रकरण मावतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान कामी येतं.

बाजारात छान रंगीत तयार चार्ट मिळतात. ते लावले तर?

भिंत शोभेल. शिकण्यातला वाटा मात्र कमीच, कारण विचार चार्ट बनवणाऱ्यानं केलेला असतो. अर्धवट भरलेला कागद, ज्यातली मोक्याची जागा रिकामी आहे, तो तयार चार्टपेक्षा कितीतरी चांगला. आणि सगळ्यांत चांगला कोरा कागद, ज्यावर कोणतं चित्र काढायचं हेही मूल ठरवतं. तिथपर्यंत पोचायला वर्ष लागलं तरी चालेल.

वर्गात साठ मुलं आहेत. सगळ्यांचे कागद तपासणं शक्य नाही.

सगळे तपासू नका. बाकावरच्या दोघांत एक कागद द्या, म्हणजे बोलणंही होतं. तपासताना एकच जागा पाहा: चार चौकटींत 'उदाहरण नसलेलं', पट्टीत प्रश्नचिन्ह कुठं टाकलंय, वेनमध्ये सामाईक भाग. समज चुकली असेल तर ती बहुतेक तिथंच सापडते. दोन वेगळी उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी काढा, नावं न घेता, आणि वर्गाला बोलू द्या.

याला गुण द्यावेत का?

नीटनेटकेपणाला, रंगाला, ठशीव अक्षराला अजिबात नकोत. एकदा दिले की मुलं स्केचपेन घेऊन बसतात आणि गणित राहून जातं.

कोणत्या घटकाला मांडणीचित्र नको?

पाढे, वर्ग-घन, साध्या क्रियांचा सराव, कंपासच्या रचना. तिथं हात चालला पाहिजे. जे मूल उदाहरण सरळ सोडवतं, त्याच्यावरही पट्टीची सक्ती करू नका. त्याला उलटं काम द्या: भरलेली पट्टी द्या आणि तिच्यावरून शाब्दिक उदाहरण रचायला सांगा. हुशार मुलंही इथं अडखळतात आणि मन लावून काम करतात.

दृष्टी अधू असलेल्या मुलाला याचा उपयोग नाही का?

आहे. जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून वर्तुळं आणि चौकटी उठावाच्या करा, पट्टीसाठी समान लांबीचे पुठ्ठ्याचे तुकडे द्या. तुकडे हलवता येतात, म्हणून डोळस मुलंही तेच मागतात.

पालकांनी घरी काय करावं? आम्हाला ही पद्धत येत नाही.

यायची गरज नाही. उत्तर बरोबर आहे का, हे विचारण्याऐवजी 'या चित्रात हे घर कशाचं आहे?' असं विचारा आणि ऐका. दूध संस्थेची फॅटची पावती, कारखान्याचं ऊसबिल, किराणाची यादी, यांचे रकाने मुलाला वाचून दाखवायला सांगा. 'आमच्या शाळेत अशी रीत नव्हती' म्हणून त्याची पट्टी खोडून आपली रीत वर लिहू नका. दोन्ही शेजारी राहू द्या, आणि उत्तर एकच का आलं ते त्यालाच विचारा.

चित्र काढायची सवयच लागली तर? परीक्षेत वेळ जाईल.

म्हणून ते हळूहळू काढून घ्यायचं. आधी पूर्ण पट्टी, मग प्रमाण न पाळता हातानं ओढलेली, मग नुसत्या दोन रेघा, शेवटी डोक्यात. हा क्रम वर्गात उघड सांगा. ज्याला अजून लागते त्याच्याकडून घाईनं काढून घेऊ नका.

मुलानं शिकवलेल्यापेक्षा वेगळंच चित्र काढलं, तर चूक धरायचं का?

नाही. त्याला समजावून सांगायला लावा आणि आकडे बदलून पुन्हा वापरायला सांगा. गुळाच्या उदाहरणात काही मुलं पट्टीऐवजी वर्तुळ काढतात, पाच फाका करतात आणि १२० बरोबर आणतात. त्यांना शाबासकी द्या, आणि मग २/५ च्या जागी २/७, १/३ च्या जागी १/५ असं करून द्या, शिल्लक तेच ४८ रवे. वर्तुळाचे सात समान भाग करताना पट्टी का सोयीची, ते त्यांचं त्यांना कळतं. उत्तर ८४ येईल.